‘दुपार’च्या दोन प्रती

१

माझ्या नवऱ्याने माझ्या भावाला चोर म्हटलं ते भर प्रदर्शनात, चांगल्या पन्नास माणसांच्या देखत. त्यांच्या हातातला सरबताचा ग्लास हिंदकळत होता आणि सरबत माझ्या साडीवर सांडत होतं, पण साडीकडे बघायची ती वेळ नव्हती.

“हा माझा कागद नाही,” डॉक्टर ओरडले. “माझा तो. तो शेजारचा! यानं बदललाय.”

‘यानं’ म्हणजे छोटूने.

आधी माणसं सांगते. डॉक्टर म्हणजे माझे यजमान. जन्मभर लोकांचे दात काढले, आता निवृत्त आहेत, तरी घरीदारी सगळे त्यांना डॉक्टरच म्हणतात, मीसुद्धा. छोटू माझा धाकटा भाऊ. सहा फूट उंच, डोक्याला टक्कल, स्वतःचं चष्म्याचं दुकान, पण नाव छोटूच. आई गेली तेव्हा तो बालवाडीत होता. त्याला न्हाऊमाखू घातलं मी, शाळेत सोडलं मी, आणि पुढे वडील गेले तेव्हा त्याच्या शेजारी उभी राहिले तीही मीच. माझं माहेर म्हणजे आता हा एवढा एकच माणूस उरला आहे.

या दोघांना मिळून एकच वेड. एका चित्रकार बाईंची छापचित्रं जमवायची. मेझोटिंट म्हणतात त्या प्रकाराला. तांब्याचा गुळगुळीत पत्रा घ्यायचा आणि दातेरी पात्याचं एक हत्यार त्यावर डोलवत डोलवत सगळा पत्रा खरबरीत करायचा. त्या खरखरीमध्ये शाई बसते आणि छापलं की कागद मखमलीसारखा काळा होतो. जिथे उजेड हवा तिथे ती खरखर घासून मोडायची. खरवडण्याशी डॉक्टरांचा जन्माचा संबंध, म्हणून ते भाळले असावेत. चित्रात काय असतं म्हणाल, तर ना झाड, ना माणूस. काळ्यात एक तिरका करडा पट्टा, नाहीतर कुठेतरी एक पांढरी कड. लोक त्यासमोर हाताची घडी घालून उभे राहतात. मी औषधाच्या दुकानात आयुष्य काढलं, मला घडी घालायला वेळच मिळाला नाही.

एक गोष्ट मात्र मला तोंडपाठ आहे, कारण ती मी प्रत्येक जेवणात ऐकली आहे. यंत्राच्या दाबाखाली पत्र्याची खरखर दर छपाईला थोडी थोडी मरते. म्हणून आधी काढलेल्या प्रती गडद आणि शेवटच्या फिक्या. प्रत्येक प्रतीखाली बाई पेन्सिलीने आकडा घालतात, म्हणजे तीसपैकी दुसरी, तीसपैकी अठ्ठाविसावी असा. डॉक्टर वयाने मोठे, नात्याने जावई, तेव्हा लहान आकडा नेहमी त्यांचा. छोटू मुकाट्याने उरलेला घ्यायचा.

आता एका कलादालनाच्या मालकाने, आमच्या भाषेत दालनवाल्याने, बाईंच्या कामाचं मोठं प्रदर्शन मांडलं होतं, आणि ‘दुपार’ नावाच्या चित्राच्या दोघांकडच्या प्रती पहिल्यांदाच शेजारी शेजारी टांगल्या होत्या. (काळाकुट्ट कागद आणि नाव ‘दुपार’. मी काही बोलत नाही.) छोटूची अठ्ठाविसावी प्रत काजळासारखी काळी होती. डॉक्टरांची दुसरी प्रत मात्र विटलेल्या छत्रीसारखी करडी. ते माझ्यासारख्या अडाण्यालाही दारातूनच दिसलं.

मी छोटूकडे पाहिलं. आता हा चिडेल, दोन शब्द सुनावेल, आणि मग मी दोघांनाही गप्प करीन, असं मला वाटलं. पण छोटूने तोंडच उघडलं नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं, मान खाली घातली आणि तो निघून गेला.

निर्दोष माणूस असा जातो का? हा प्रश्न माझ्या मनात आला, आणि आला म्हणून मला स्वतःचीच लाज वाटली.

२

“सोमवारी पोलिसांत जाणार,” घरी आल्यावर डॉक्टरांनी जाहीर केलं. “तोवर कागद परत आला तर ठीक. आणि आला तरी तुझ्या भावाने या घराची पायरी चढायची नाही.”

“अहो, तो माझा भाऊ आहे.”

“म्हणूनच सोमवारपर्यंत थांबतोय.”

मी दुसऱ्या खोलीत जाऊन आक्कांना फोन लावला.

आक्का म्हणजे माझी नणंद, डॉक्टरांची थोरली बहीण. विमा कंपनीत त्यांनी आयुष्यभर एकच काम केलं. कुणाचं गोदाम जळालं की जाऊन बघायचं, आग लागली की लावली. त्यांच्यासमोर भले भले घाम पुसायचे. लग्नानंतर पहिली काही वर्षं मीही पुसला. त्या दुसऱ्या दिवशी सकाळीच हजर झाल्या, दालनात गेल्या, आणि भानगड नको म्हणून दालनवाल्याने उतरवून ठेवलेल्या दोन्ही ‘दुपार’ काखोटीला मारून घरी आल्या.

“हं, राजा, बोल,” त्या डॉक्टरांसमोर बसल्या. सत्तरीच्या भावाला त्या अजून राजा म्हणतात. “त्याला संधी कधी मिळाली?”

“माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा. मी दवाखान्यात, आणि इकडे भिंतीतली पाण्याची नळी फुटली. ओल नको म्हणून हिने सगळी चित्रं छोटूकडे पाठवली. महिनाभर त्याच्याकडे होती! परत आली तेव्हा मी कुबड्या सांभाळत होतो, चित्रं कुठे बघणार?”

“आणि त्यानंतर? इतके दिवस भिंतीवर आहेत ना?”

“शेजारी ठेवल्याशिवाय कसं कळणार, आक्का? काळं ते काळंच दिसतं. आणि अजून एक ऐक. दालनवाला ‘दुपार’ मागायला गेला तेव्हा छोटू देईनाच. नको, दुसरं काहीतरी न्या, म्हणाला. मीच हट्ट धरला, आपली दोघांची शेजारी लागू दे म्हणून. का देत नव्हता तो? सांग ना!”

मला हे ठाऊक नव्हतं.

आक्का उठून माझ्यामागे स्वयंपाकघरात आल्या. “हे बघ,” त्या हळू आवाजात म्हणाल्या, “मी कुणाची बहीण म्हणून आलेली नाही. जे निघेल ते निघेल. तुझ्या भावावर आलं तरी मी ते झाकणार नाही. चालेल?”

चालणार नव्हतं. मी म्हटलं, “चालेल.”

३

छोटूच्या दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. तो काउंटरमागे बसून कुणाच्यातरी चष्म्याची काच पुसत होता, आणि ती काच केव्हाच स्वच्छ झाली होती.

“कागद बदललास का?” आक्कांनी पाल्हाळ न लावता विचारलं.

“नाही.”

“मग तिथे तसं म्हणाला का नाहीस?”

“मी बदलला नाही, एवढं सांगतो, आक्का. बाकीचं विचारू नका.”

“बाकीचं म्हणजे काय?”

“बाकीचं म्हणजे बाकीचं.”

“नळी फुटली तेव्हा राजाची चित्रं तुझ्याकडे होती. फ्रेममधून काढली होतीस?”

“काढली. ओल लागली असेल तर बुरशी येते. वाळवून परत बसवली.”

“तेव्हा तुझी चित्रं शेजारी ठेवून पाहिलीस?”

छोटूचा हात थांबला. मग तो माझ्याकडे वळून म्हणाला, “ताई, पाणी देऊ का?”

हा लहानपणी काचेची बरणी फोडायचा आणि मी घरात शिरले की पहिला प्रश्न हाच विचारायचा. मला रडू फुटणार असं वाटलं म्हणून मी भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता वाचत राहिले, वरच्या मोठ्या अक्षरांपासून खालच्या बारीक अक्षरांपर्यंत.

“छोटू,” मी म्हटलं, “तू काही केलं असशील तर मला सांग. मी तुझ्या बाजूने उभी राहीन.”

“मी काही केलेलं नाही, ताई. पण भाऊजींना जे वाटतंय ते वाटू दे. पोलिसांत जायचं तर जाऊ दे.”

“अरे, वेड लागलंय का तुला?”

त्याने घराच्या किल्ल्या काढून आक्कांच्या हातात ठेवल्या. “आतल्या खोलीत कपाटात सगळी चित्रं आहेत. घेऊन जा. बघायची तेवढी बघा.”

बाहेर आल्यावर आक्का पायरीवरच थांबल्या. “चोर किल्ल्या देत नाही,” त्या म्हणाल्या. “पण निर्दोष माणूसही असं वागत नाही. तुझा भाऊ काहीतरी लपवतोय.”

४

त्या दुपारी आमच्या जेवणाच्या टेबलावर चित्रांच्या जोड्या मांडल्या. दोघांनी एकत्र घेतलेली सहा चित्रं होती, प्रत्येकाच्या दोन प्रती. डावीकडे डॉक्टरांची, उजवीकडे छोटूची. आक्कांनी खिडकीचा पडदा पूर्ण सरकवला.

पहिल्या जोडीत उजवीकडची काळी. दुसऱ्या जोडीतही उजवीकडचीच. मला वाटलं, तिसरीत तरी उलटं निघेल. नाही निघालं. सहाच्या सहा वेळा छोटूची प्रत गडद आणि आमची फिकी, आणि सहाच्या सहा वेळा लहान आकडा आमच्याच प्रतीवर.

डॉक्टर खुर्चीत मटकन बसले. “एक नाही,” ते म्हणाले. “सगळी. सगळी नेली त्याने. आक्का, मी त्याला सख्ख्या भावासारखं मानलं गं. बाईंच्या कामापाशी पहिल्यांदा मीच नेलं त्याला. बोट धरून.”

ते रडत होते, आणि मला त्यांचा रागही येत होता आणि कीवही. चित्रांसाठी रडत असते तर मी उठून गेले असते. पण ते छोटूसाठी रडत होते.

“आता बोल,” ते मला म्हणाले, “आता काय बोलतेस?”

भावाच्या बाजूने उभं राहायचं कबूल केलं होतं, पण उभं राहायला जमीन तर हवी.

आक्का मात्र टेबलाभोवती गोल फिरत होत्या. “राजा, एक सांग. ही सगळी चौकटीत बसवली कुणी?”

“एकच चौकटवाली बसवते. आमची दोघांचीही.”

“तिला किती वर्षं ओळखतोस?”

“पहिल्यापासून. का?”

“अशी अदलाबदल करायची म्हणजे कागद बाहेर काढायचा, आकडा खोडायचा, दुसरा घालायचा. बाराच्या बारा कागदांवर. हे चष्मेवाल्याचं काम वाटतं की चौकटवालीचं?” आक्कांनी चित्रं गोळा करायला घेतली. “चला, गाडी काढा.”

५

चौकटवालीच्या कारखान्यात सरसाचा वास भरला होता आणि जमिनीवर लाकडाच्या पट्ट्यांचे तुकडे पडले होते. त्या धिप्पाड होत्या, कानामागे सुताराची पेन्सिल. चोरीचं ऐकल्यावर त्यांनी हातातली करवत टेबलावर आपटली.

“मी बदलले? इथे ठेवा चित्रं आणि माझ्यासमोर उघडा. होऊन जाऊ दे.”

त्यांनी स्वतःच एकेक चौकट उघडली. आक्कांनी पर्समधून लहानशी बॅटरी काढून कागदाच्या अगदी कडेला आडवी धरली. असा उजेड पाडला की कागदाची प्रत्येक सुरकुती दिसते.

“खोडरबर फिरवलं की कागदाचे धागे उभे राहतात,” त्या म्हणाल्या. “विम्याच्या कागदांवर मी हेच बघायचे. इथे एकही धागा उभा नाही. हे आकडे जिथे लिहिले तिथेच आहेत.”

“मग कागदच दुसरा असेल,” डॉक्टर म्हणाले.

चौकटवाली त्यांच्याकडे बघून हसल्या. “डॉक्टरसाहेब, सांगू का? नाही म्हणजे, तुम्ही मला शपथ घातली होती.”

डॉक्टरांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

“‘दुपार’ माझ्याकडे आणताना यांनी ती गाडीच्या दारात चेपली,” चौकटवाली मला म्हणाल्या. “डाव्या कोपऱ्याला घडी पडली. कुणाला सांगू नका म्हणाले, बायकोला तर मुळीच नाही. मी ती पुठ्ठ्याखाली लपवली. ही बघा.”

डॉक्टरांच्या करड्या ‘दुपार’च्या डाव्या कोपऱ्यात, पुठ्ठ्याच्या आडोशाला, नखाएवढी घडी होती.

“म्हणजे कागद तोच आहे,” मी म्हटलं. माझा आवाज मलाच मोठा वाटला. “अहो, तोच आहे! कुणी बदलला नाही!”

“पण मग तो असा फिका कसा?” डॉक्टर कळवळून म्हणाले. “काळी शाई काय उन्हाने उडाली?”

“ती शाई उडत नाही,” चौकटवाली म्हणाल्या. “काजळीची असते. आणि उडालीच असती, तर छोटूभाऊंच्या कागदांचीही उडाली असती. मला छळतात ते तुमचेच! तुमचे कागद पहिल्यापासून असेच वाकडे. बसवायला घ्यावेत तर कडा वर येतात, वजन ठेवून दोन दिवस दाबावे लागतात. छोटूभाऊंचे कसे शहाण्या मुलासारखे सपाट पडतात.”

आक्कांनी बॅटरी बंद केली. “परत सांगा. कुणाचे वाकडे?”

“डॉक्टरांचे.”

“सगळे?”

“सगळेच. मी तर म्हणते, कागदाला मालकाचा गुण लागतो.”

आक्का हसल्या नाहीत. त्या बराच वेळ त्या वर आलेल्या कडेवरून बोट फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, “राजा, बदलले नाहीत, खोडले नाहीत, उडाले नाहीत. मग राहिलं एकच. हे आकडे ज्या हाताने लिहिले तो हात.”

डॉक्टर ताडकन उभे राहिले. “बाईंचा? आक्का, तोंड सांभाळ! बाई खोटं करणार नाहीत!”

“मेहुणा करेल, बाई करणार नाहीत,” आक्का म्हणाल्या. “वा रे राजा. चल, विचारूनच येऊ.”

६

बाईंचं काम एका बंद पडलेल्या छापखान्याच्या वरच्या मजल्यावर चालायचं. खोलीच्या मधोमध मोठ्या चाकाचं यंत्र, खिडकीशी तांब्याचे पत्रे, आणि कोपरापर्यंत काळ्या झालेल्या हातांच्या बाई. वय ऐंशीच्या पुढे, पण नजर अशी की डॉक्टर दारातच चपला काढून, हात बांधून उभे राहिले.

“या, या,” बाई म्हणाल्या. “प्रदर्शनांना मी जात नाही, कालच इथे नवीन चित्राची छपाई संपवली. तुम्हाला लहान आकडा हवा असेल ना?”

आक्का पुढे झाल्या. त्यांचं लक्ष भिंतीजवळच्या लांब टेबलावर होतं. तिथे कागदांचा एक ढीग होता, प्रत्येक दोन कागदांमध्ये जाडसर टीपकागद घातलेला.

“हे असंच वाळवता?”

“हो. ओल्या कागदावर छापायचं असतं. छापून निघाला की त्यावर टीपकागद टाकायचा, त्यावर पुढचा. ढिगाच्या वजनानेच सपाट होतात.”

“म्हणजे सगळ्यांत खालचा सगळ्यांत सपाट.”

“साहजिकच. त्याच्यावर सगळ्यांचं ओझं.”

“आणि वरचे?”

“वरच्यांवर कोण बसणार? कडा उचलतात जरा.” बाईंनी स्टूल ओढलं, हात पुसले आणि पेन्सिल उचलली. “बसा. मी एवढे आकडे घालून घेते.”

त्यांनी ढिगावरचा सर्वांत वरचा कागद उचलला, खालच्या समासात एक आकडा लिहिला, सही केली.

“थांबा!” आक्का म्हणाल्या. “हा तुम्ही पहिला छापला होता?”

“हा? हा काल संध्याकाळी छापला. शेवटचा.”

“मग त्यावर एक का घातलात?”

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. “सगळ्यांत वर होता म्हणून. पहिला तळाशी आहे. आता काय अख्खा ढीग खालून उपसू का मी? माझी कंबर बघा, माझं वय बघा.”

डॉक्टर हळूहळू खाली बसले, तेही स्टूल नसलेल्या जागी, म्हणजे थेट जमिनीवर.

“म्हणजे,” ते म्हणाले, “लहान आकडा म्हणजे...”

“शेवटी छापलेला. माझ्याकडे तरी. किती काढल्या ते कळावं म्हणून आकडा असतो. पहिली कुठली, दुसरी कुठली, ते त्यात नसतं.”

“माझ्याकडच्या सगळ्या शेवटच्या? सहाच्या सहा?”

“लहान आकड्याच्या असतील तर हो.”

“पण मला हे कुणी कधी सांगितलं नाही!”

“तुम्ही कधी विचारलंत?” बाई म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, नवल होतं. “तुम्ही इतकी वर्षं येता. आधी खालचा आकडा वाचता आणि मग ‘वा’ म्हणता. मला वाटायचं, तुम्हाला फिक्याच आवडतात. चांगलं आहे म्हटलं, काळ्या सगळ्यांनाच आवडतात.”

आक्कांनी मला चिमटा काढला. “आग लागलीच नव्हती,” त्या पुटपुटल्या. “धूर आमच्या राजाच्या डोक्यातून निघत होता. चौकटवाली म्हणाली ना, राजाचे कागद वाकडे आणि छोटूचे सपाट, तेव्हाच वाटलं, हे कशाच्या तरी वर आणि खाली होते. कशाच्या, तेवढंच बघायचं होतं.”

मी ऐकत होते, पण माझ्या कानात एकच गोष्ट शिरली होती. माझ्या भावाने काही केलेलं नव्हतं. त्या क्षणी मला इतकं हलकं वाटलं की मी चारचौघांत हमसाहमशी रडायला लागले. बाईंनी हाताला लागेल ते फडकं पुढे केलं आणि मी तोंड पुसलं. फडकं शाईचं होतं. माझं तोंड बघून आक्का इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला, आणि मीही रडता रडता हसत सुटले.

डॉक्टर तेवढे हसले नाहीत. ते जमिनीवरच बसून होते.

७

मी गाडी चालवत होते, आणि माझ्या तोंडावरची शाई निघाली नव्हती. घराचं वळण आलं तसे डॉक्टर म्हणाले, “सरळ घे. दुकानाकडे.”

छोटू दुकान बंद करायच्या बेतात होता. आम्हाला बघून तो उभाच राहिला. बहुधा त्याला वाटलं, पोलीस मागून येतायत. डॉक्टर सरळ आत गेले आणि डोळे तपासायच्या खुर्चीत जाऊन बसले.

“माझे डोळे तपास,” ते म्हणाले.

“भाऊजी?”

“तपास म्हणतो ना. इतकी वर्षं काळं कुठलं आणि करडं कुठलं, मला दिसलं नाही. आकडे मात्र स्पष्ट दिसायचे.”

मग मी भडाभडा सगळं सांगितलं. ढीग, टीपकागद, बाईंची कंबर, सगळं. छोटू ऐकत राहिला आणि शेवटी त्याने भिंतीला पाठ टेकली. त्याने मोठा श्वास सोडला, कितीतरी दिवस कोंडून ठेवलेला असावा तसा.

“तुला ठाऊक होतं,” आक्का म्हणाल्या. “नळी फुटली तेव्हाच कळलं तुला.”

“फिक्या आहेत एवढं कळलं होतं. का ते नाही कळलं. मला वाटलं, कुणीतरी भाऊजींना फसवलंय. दालनवाल्याने म्हणा, आणखी कुणी म्हणा. भिंतीसमोर उभं राहून ते पाहुण्यांना सांगतात ना, ही दुसरी प्रत, ही पहिली प्रत... ते मी कसं मोडू? म्हणून माझी कधी शेजारी लावू दिली नाहीत.”

“आणि मी चोर म्हटलं तेव्हा?” डॉक्टरांनी विचारलं. “तेव्हा तरी सांगायचंस!”

“तेव्हा काय सांगणार? ‘मी चोर नाही, तुमच्याच चित्रांमध्ये दम नाही’ असं? एवढ्या लोकांसमोर?” छोटूने खांदे उडवले. “म्हटलं, राग चार दिवसांनी जाईल. भिंत गेली तर तुमच्याकडे काय राहील?”

मला त्याला जवळ घ्यावंसं वाटलं आणि दोन थोबाडीत द्याव्याशाही वाटल्या. तुरुंगात जायला निघाला होता हा शहाणा, दुसऱ्याची भिंत सांभाळायला.

डॉक्टर खुर्चीतून उठले. गुडघा दुखत असेल, पण कशालाही न धरता उठले. छोटूसमोर जाऊन उभे राहिले. उंचीमुळे त्यांना मान वर करावी लागली.

“माझं चुकलं,” ते म्हणाले. “मी सगळ्यांसमोर बोललो, तेव्हा सगळ्यांसमोरच माफी मागीन. उद्या दालनात. पण आधी इथे मागतो. मला क्षमा कर.”

आमचा संसार जुना आहे. ‘माझं चुकलं’ हे दोन शब्द मी या माणसाच्या तोंडून पहिल्यांदा ऐकले. छोटूला काय करावं कळेना. तो पाया पडायला गेला, आणि डॉक्टरांनी त्याला वाकू न देता घट्ट धरला. आक्का एकदम पाठ फिरवून चष्म्याच्या फ्रेमी बघायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी दालनात सांगितलं, त्याच जागी उभं राहून, शब्द न चघळता. लोक हसले, टाळ्याही वाजल्या. दोन्ही ‘दुपार’ परत शेजारी लागल्या, आणि या खेपेला लोक आकडे न बघता मान इकडून तिकडे करत चित्रंच बघत होते.

संध्याकाळी छोटू आमच्याकडे जेवायला आला. तो ठरवून आला होता, जोड्या वाटून घेऊ, तीन काळ्या तुम्हाला, तीन मला. डॉक्टर म्हणाले, मुळीच नाही, माझ्या फिक्या माझ्याकडेच राहतील, त्यात पट्ट्याच्या मागे अजून एक पट्टा दिसतो जो तुझ्या काळ्यात बुडालाय. छोटू म्हणाला, दुसरा पट्टा वगैरे काही नाही, तो यंत्राचा डाग आहे. डॉक्टर म्हणाले, डाग तुझ्या चष्म्याला असेल. दोघांचे आवाज चढले. आक्का स्वयंपाकघरात येऊन म्हणाल्या, जा गं, सोडव त्यांना, नाहीतर शेजारी येतील.

मी गॅस बंद केला, हात पुसले, बाहेरच्या खोलीत जाऊन खुर्चीत पाय वर घेऊन बसले आणि त्या दोघांचं भांडण पोटभर ऐकलं.